कॅलिपरला रंग की पावडर कोटिंग? पुढे एक, मागे दुसरं

४ जानेवारीच्या शनिवारी टायर पुढचे मागे करायला गाडीची चारही चाकं उतरवली, आणि ब्रेकचे कॅलिपर पहिल्यांदाच नीट पाहिले. गाडी आठ वर्षांची. चाकासोबत फिरणारी डिस्क चकचकीत, पण तिला मिठी मारून बसलेला, ब्रेक दाबला की तिच्यावर पॅड दाबून धरणारा कॅलिपर तपकिरी, खवल्याखवल्यांनी गंजलेला. नखाने खरवडलं की पापुद्रा निघायचा. त्याच दिवशी ठरवलं की चारही कॅलिपरना पावडर कोटिंग करून घ्यायचं. २३ फेब्रुवारीला काम संपलं तेव्हा मात्र पुढच्या दोघांना पावडर कोटिंग झालं होतं आणि मागच्या दोघांना मी स्वतः ब्रशने रंग दिला होता. हे असं का झालं, आणि मधल्या सात आठवड्यांत काय काय करावं लागलं, ते लिहून ठेवते आहे.

आधी दोन्हींतला फरक, मला समजला तसा. कॅलिपरचा रंग वेगळा मिळतो, उष्णता सोसणारा. स्प्रेचा डबा मिळतो, ब्रशने द्यायचा साधा इनॅमल मिळतो, आणि हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) मिसळून द्यायचा इपॉक्सीही मिळतो. यातला कुठलाही रंग कॅलिपर गाडीवरच ठेवून, ब्रेकची नळी न सोडता देता येतो. पावडर कोटिंगमध्ये कोरडी पूड विजेच्या भाराने धातूवर चिकटवतात आणि मग भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला वितळवून तिचा सलग थर करतात. कॅलिपरमधली सील (पिस्टनभोवतालची, ऑइल अडवणारी कडी) आणि डस्ट बूट (धूळपाणी बाहेर ठेवणारं आवरण) रबराची असतात. ती या भट्टीत घालून चालत नाही. म्हणजे पिस्टन (ऑइलच्या दाबाने पुढे सरकून पॅड दाबणारा), सील, बूट, स्लाइड पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या), ब्लीडर निपल (ब्रेकमधली हवा काढायची तोटी) सगळं काढून कॅलिपर उघडा करून द्यायचा, आणि परत आल्यावर नवी सील घालून जोडायचा.

दोन आठवडे मी भेटेल त्याला एकच विचारत होते, जास्त टिकाऊ काय? आमच्या नेहमीच्या मेकॅनिककाकांनी उलट मलाच विचारलं, "तुझे कॅलिपर तसेही उघडायचे आहेत का?" ते स्वतः येऊन खाली बसले, टॉर्च मारली आणि उजव्या पुढच्या कॅलिपरचा बूट बोटाने दाबून दाखवला. बूट फाटला होता आणि आत पाणी गेल्याची खूण होती. डाव्या बाजूचा बूटही कडक होऊन तडकला होता. मागचे दोन्ही अगदी निरोगी होते, बूट मऊ, पिन हाताने सरकत होत्या. शिवाय माझ्या गाडीत हँडब्रेकची यंत्रणा मागच्या कॅलिपरच्या आतच आहे. तो पिस्टन दाबून आत जात नाही, फिरवत आत न्यावा लागतो, आणि तो उघडून परत बसवणं हे पुढच्यापेक्षा बरंच किचकट काम. काका म्हणाले, "जे चांगलं चाललंय ते फक्त रंगासाठी उघडू नकोस." माझा निर्णय तिथेच झाला. पुढचे उघडायचेच होते, तर कोटिंग करून घ्यायचं. मागचे गाडीवरच रंगवायचे.

उष्णतेची शंका मात्र होती. भट्टी २०० अंशांची, आणि ब्रेक तर तापणारच. मग इन्फ्रारेड थर्मामीटर उसना आणून स्वतःच मोजलं. रोजच्या रहदारीतून आल्यावर पुढचा कॅलिपर ७० ते ९० अंशांच्या दरम्यान होता. लांब उतार मुद्दाम ब्रेक दाबत उतरले, तेव्हा १३८. गंजलेल्या, मळकट पृष्ठभागावर हा थर्मामीटर बरा चालतो. चकचकीत धातूवर तो खोटा, कमी आकडा दाखवतो, म्हणून डिस्कवर धरून फसू नका. डिस्क कॅलिपरपेक्षा कितीतरी जास्त तापते. माझ्या वापराला दोन्ही पर्याय पुरेसे होते. जे गाडी ट्रॅकवर पळवतात त्यांची गोष्ट वेगळी. तिथे कॅलिपरही २०० च्या वर जातो आणि साधी पॉलिएस्टर पावडर पिवळट, मग तपकिरी पडायला लागते.

कोटिंगवाल्यांकडे फिरण्यात जानेवारी गेला. पहिल्या ठिकाणी ब्रेकचं सामान घेतच नाहीत असं सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, रबर राहू द्या, काही होत नाही, उद्या घेऊन जा. तिथून मी परत फिरले, आणि तुम्हीही फिरा. तिसऱ्या ठिकाणी काउंटरवरच्या दादांनी एक छापील कागद पुढे केला. त्यात कॅलिपर बिडाचा की अ‍ॅल्युमिनियमचा, सगळं रबर काढलं आहे का, पिस्टन आणि निपल काढले आहेत का, कुठल्या जागा कोऱ्या ठेवायच्या, असं सगळं भरायचं होतं. खाली एक ओळ होती की सुरक्षिततेशी संबंधित भाग परत जोडण्याची जबाबदारी ग्राहकाची. सही करताना जरा धडधडलं, पण इतकं विचारणारी हीच एक जागा होती, म्हणून विश्वास बसला.

अ‍ॅल्युमिनियमबद्दल त्यांनी सांगितलेलं इथे देते, कारण महागड्या गाड्यांचे कॅलिपर तसे असतात. अ‍ॅल्युमिनियमच्या बऱ्याच मिश्रधातूंना ताकद येते ती साधारण १५० ते २०० अंशांच्या आसपास केलेल्या उष्णतेच्या प्रक्रियेमुळे. पुन्हा जास्त वेळ भट्टीत ठेवलं तर ती ताकद उतरू शकते. दोन अर्धे जोडून केलेला कॅलिपर असेल तर जोडाच्या आत लहान ओ-रिंग असतात, त्या बाहेरून दिसतच नाहीत आणि भट्टीत जळतात. अशा कॅलिपरच्या बाबतीत मी रंगच दिला असता. माझे चारही बिडाचे होते.

रंगाची छटा ठरवताना लाल मनात होता. दादांच्या शेडकार्डावर आरएएल ३०२० (आरएएल म्हणजे रंगछटांना क्रमांक देण्याची पद्धत) समोरच होता, तोच भडक लाल. पण पुढे पावडर आणि मागे डब्यातला रंग, दोन्ही लाल एकसारखे जुळणं कठीण, आणि उष्णतेने रंग बदलला तर लालावर लगेच कळतो. शेवटी काळा, आरएएल ९००५. हा निर्णय तेव्हा मन मारून घेतला होता.

मागचे कॅलिपर १ फेब्रुवारीला घेतले. गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवली, पुढच्या चाकांना अडण लावलं. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका, कितीही छोटं काम असो. ब्रेकची काळी भुकटी कोरडी झटकली किंवा हवेने उडवली तर ती सरळ नाकात जाते, म्हणून आधी ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने टिपली, तोंडावर मास्क ठेवून. मग तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, मग पुन्हा क्लीनर. पांढरं फडकं फिरवल्यावर पांढरंच राहीपर्यंत. एका कॅलिपरला यातच सव्वा तास गेला. त्यानंतर मास्किंग टेप. डिस्क, पॅड, रबराचे बूट, ब्लीडर निपल, हँडब्रेकच्या तरफेचा सांधा, स्लाइड पिनची जागा, सगळं झाकलं. निपलवर तर रंगाचा थेंबही नको, नाहीतर पुढच्या वेळी पाना लावताना अडकतो.

रंग द्यायला एका हाताला वीस मिनिटंही लागली नाहीत. तीन पातळ हात दिले. माझ्या डब्यावर लिहिलं होतं की पुढचा हात एका तासाच्या आत द्या, नाहीतर सात दिवस थांबा. ही ओळ वाचूनच काम सुरू करा. मधल्या वेळात हात दिला तर खालचा अर्धवट वाळलेला रंग सुरकुततो. दुसरा हात जरा जाड झाला आणि खालच्या कडेला एक ओघळ आला, तो अजून तिथेच आहे. रंग पूर्ण कडक व्हायला उष्णता लागते, ती पुढे ब्रेक वापरूनच मिळते. मी २४ तास गाडी हलवली नाही.

८ फेब्रुवारीला पुढचे काढले. काका सोबत होते, आणि हे काम मी एकटीने केलं नसतं हे स्पष्ट सांगते. पिस्टन बाहेर काढण्याची त्यांची पद्धत फार आवडली. नळी सोडण्याआधी पॅड काढून तिथे लाकडाची फळी घातली आणि मला पेडल अगदी सावकाश दाबायला सांगितलं. ब्रेक ऑइलच्या दाबानेच पिस्टन पुढे सरकला. डावा लवकर आला, उजवा हलेना. मग डाव्याला शिकंजात धरून पुन्हा पेडल, तेव्हा उजवा करकरत निघाला. पूर्ण बाहेर पडायच्या आधी थांबायचं, नाहीतर ऑइलचा लोट येतो. हवेच्या दाबाने पिस्टन काढणारेही असतात. तो गोळीसारखा उडतो, बोटं समोर असू देऊ नका. कॅलिपर सोडवताना तो नळीवर लोंबकळू दिला नाही, तारेने बांधून ठेवला. मग नळी सोडून तिला टोपी लावली, म्हणजे ऑइल गळून वरची टाकी रिकामी होत नाही. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत टाकी कोरडी पडली की आतली हवा काढणं त्रासाचं होतं.

उजवा पिस्टन हातात घेतला तेव्हा या सगळ्या खटाटोपाचं मला खरं कारण दिसलं. बूट जिथे फाटला होता नेमका तिथे, गुळगुळीत पृष्ठभागावर तीळभर खड्ड्यांची एक रांग होती, गंजाने खाल्लेली. चौकोनी कापाची सील याच पृष्ठभागाला घट्ट धरून असते. पेडल सोडल्यावर तीच सील किंचित मागे वळते आणि पिस्टनला आपल्यासोबत मागे खेचते. खड्डे असलेला पिस्टन ना नीट मागे येतो, ना ऑइल अडवतो. चाक किती दिवस ब्रेक घासत पळत होतं कोण जाणे. मी फक्त रंग दिला असता तर सुंदर काळ्या कॅलिपरच्या आत हे तसंच राहिलं असतं. नवा पिस्टन मागवला, दोन्ही बाजूंची सील किटं मागवली, नळीच्या बोल्टचे नवे तांब्याचे वॉशर मागवले. हे वॉशर पुन्हा वापरू नका.

१० फेब्रुवारीला, सोमवारी, भाग जमा केले. जॉब कार्डावर दोन बॉडी, दोन ब्रॅकेट (कॅलिपर आणि पॅड ज्यात बसतात ती चौकट) अशी नोंद झाली. मी प्रत्येकाचे चारही बाजूंनी फोटो काढले होते आणि कोऱ्या ठेवायच्या जागा खडूने रंगवून दाखवल्या: पिस्टनचं भोक आणि सीलच्या खाचा, सगळे आटे, स्लाइड पिनची भोकं, नळीचा वॉशर बसतो ती जागा, ब्रॅकेट नकलला (चाकामागच्या, ब्रॅकेट जिथे बोल्टने बसतो त्या भागाला) टेकतो तो सपाट भाग, आणि पॅडची कानं सरकतात त्या खाचा. पावडरचा थर ६० ते १२० मायक्रॉन असतो, सहज रंगाच्या दोनतीन हातांएवढा. बोल्टच्या डोक्याखाली असा थर राहिला तर तो दबतो आणि आवळलेला बोल्ट काही दिवसांनी सैल पडतो. ब्रेकच्या बाबतीत हे परवडणारं नाही.

शुक्रवारी, १४ तारखेला मिळेल असं सांगितलं होतं. मिळालं १९ ला. गाडी तेवढे दिवस स्टँडवर उभी. मधे फोन केला तेव्हा दादांनी न लपवता सांगितलं, "ताई, एका बॉडीला फोड आलेत, पुन्हा करतोय." बिडाच्या ओतकामात सूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्यांत वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं. पूड वितळत असताना ते वाफ होऊन बाहेर यायला बघतं आणि थराला सुईच्या टोकाएवढी छिद्रं पाडतं. म्हणून कोटिंगच्या आधी भाग नुसताच भट्टीत जास्त उष्णतेवर भाजून घ्यायचा असतो. त्यांनी भाजला होता, पण तेवढं पुरलं नव्हतं. पुन्हा थर उतरवला, पुन्हा सँडब्लास्टिंग (बारीक कणांचा जोरदार मारा करून धातू साफ करणं), पुन्हा जास्त वेळ भाजणं. ब्लास्टिंग झालेलं बीड उघडं ठेवलं तर काही तासांतच गंजाची झाक धरतं, त्यामुळे त्यांनाही घाईच होती. दुसऱ्यांदा केल्याचे पैसे त्यांनी लावले नाहीत. तुम्ही देताना कॅलिपर आतून बाहेरून निपटून स्वच्छ करून द्या, आणि तारखेत आठवडाभर मोकळा ठेवा.

भाग हातात आले तेव्हा मन भरून आलं. एकसंध, निमचकचकीत काळा, ओतकामाचे अंक सुद्धा स्पष्ट. खोल कोपऱ्यात एका ठिकाणी थर विरळ होता. विजेच्या भारामुळे पूड कडांकडे ओढली जाते आणि अरुंद खळग्यात पोचत नाही. तिथे मी रंगाचा हात दिला. काउंटरवरच प्रत्येक भोकात टॉर्च मारून पाहिलं. आटे स्वच्छ होते. पॅडच्या खाचांत मात्र एका ब्रॅकेटवर पूड बसलेली होती आणि ते मला घरी, पॅड घालताना कळलं. पॅड अडकला. खाचेतला थर कानशीने आणि धारदार पात्याने खरवडून पुन्हा धातू उघडा करण्यात दोन तास गेले. पॅड बोटाने सरकायला हवा, हातोडीने ठोकून बसवायचा नाही. कोटिंग घेताना एक जुना पॅड खिशात न्या आणि तिथेच सरकवून पाहा.

जोडणी २२ ला. नव्या सीलना ताजं ब्रेक ऑइल लावून हातानेच खाचेत बसवल्या, पिस्टन सरळ धरून अंगठ्यांनी आत दाबला. स्लाइड पिनना सिलिकॉन ग्रीस. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल या रबराला लागलं तर ते फुगतं. बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे.

मग ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायला बसलो. अर्धी बाटली ऑइल गेलं तरी पेडल स्पंजासारखं. पंप करून, थांबून, पुन्हा. काका उठून चाकाजवळ गेले आणि म्हणाले, "निपल खाली कसं?" डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. दोन्ही काळे, नवे, हुबेहूब सारखे, आणि जुन्या गंजाबरोबर माझ्या सगळ्या खुणाही पुसल्या गेल्या होत्या. हवा वर जाते, म्हणून निपल नेहमी वरच्या बाजूला असावं लागतं. सगळं सोडून अदलाबदल केली, परत नवे वॉशर, आणि वीस मिनिटांत पेडल दगडासारखं झालं. देण्याआधी आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला पंचने एक आणि दोन ठिपके मारून ठेवा. ठिपका पावडरखालूनही दिसतो.

त्या गडबडीत ऑइलचे थेंब दोन्हीकडे पडले. पुढच्या कॅलिपरवरचा थेंब लगेच पाण्याने धुऊन पुसला, काही झालं नाही. मागची हवा काढताना निपलखाली ओघळलेला थेंब मात्र दहाएक मिनिटं नजरेतून सुटला. पुसायला गेले तर फडक्याला काळा रंग लागला आणि खाली राखाडी धातू दिसला. डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे नेहमीचे प्रकार रंग अक्षरशः उतरवतात. माझा इनॅमल तीन आठवडे वाळलेला होता तरीही. हार्डनरवाला इपॉक्सी याला जास्त तग धरतो. पुन्हा वेळ आली तर मी तोच घेईन, आणि हवा काढताना खाली ओलं फडकं गुंडाळून ठेवीन. रंगाच्या बाजूने एवढं म्हणेन की तो डाग मी दुसऱ्या दिवशी लहान ब्रशने दहा मिनिटांत बुजवला. पावडरचा टवका उडाला तर पावडरनेच अशी डागडुजी होत नाही, वरून रंगाचा ठिपका देऊन भागवावं लागतं. तो उघडा राहिला तर तिथून ओल आत शिरते आणि थराखालून गंज पसरतो.

खर्चाचं सांगायचं तर मागच्या दोघांचं सगळं सामान धरून एक वाटा मानला, तर पुढच्या दोघांच्या नुसत्या कोटिंगला साधारण चार वाटे लागले. सील किटं, पिस्टन, वॉशर आणि ऑइल यांचे अजून तीन. हे तीन वाटे मी रंग दिला असता तरी जाणारच होते.

२३ ला, रविवारी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबून घेतलं. मग मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक, मग थोड्या जास्त वेगात, मधे गार व्हायला वेळ देत. घरी येऊन चारही निपल आणि नळीचे सांधे कोऱ्या कागदाने टिपून पाहिले. कोरडे. आठवड्याने बोल्ट पुन्हा तपासले, एकही हलला नव्हता.

आता सात महिने झालेत. पुढचे कॅलिपर पाण्याने धुतले की जसेच्या तसे. उजवीकडे खड्याने उडालेला एक लहान टवका आहे, त्यावर मी रंगाचा ठिपका देऊन लक्ष ठेवून आहे. मागच्यांची चमक गेली आहे, ब्रेकच्या भुकटीने किंचित करडे दिसतात, पण गंज कुठेच नाही. पुढच्या महिन्यात मागचे पॅड बदलायचे आहेत. चाकं उतरतीलच, तेव्हा पॉलिश पेपर मारून इपॉक्सीचे दोन हात देणार आहे. डबा आणून ठेवला आहे.